डावीकडून सुटणारी हवा

"तोंड मिटा काका, श्वास नाकानंच घ्या," दीपिका म्हणाली आणि तिनं मशीनचं बटण दाबलं.

परळच्या त्या दुकानाच्या मागच्या खोलीत महादेव कोचावर आडवा झाला होता. नाकाखाली रबराच्या दोन इवल्याशा उशा, नाकपुड्यांना टेकलेल्या. तिथून निघालेली नळी उशाशी ठेवलेल्या मशीनपर्यंत गेली होती. शेजारी स्टुलावर त्याची बायको कमल पर्स मांडीवर घेऊन बसली होती. मास्क लावायचा कसा, हे ती डोळ्यांत तेल घालून शिकत होती.

काळाचौकीच्या त्यांच्या खोलीत महादेव घोरायचा ते भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडालाही ऐकू जायचं. घोरण्याचं कमलला काही नव्हतं. घोरणं थांबलं की ती ताडकन उठून बसायची. श्वास अडकलेला, छाती नुसतीच वरखाली होतेय. मग ती त्याला गदागदा हलवायची. तो धाप टाकायचा, कूस बदलायचा आणि पुन्हा घोरायला लागायचा. ती मात्र त्याच्या छातीवर हात ठेवून जागी. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. कमल बालवाडीत शिकवायची. एके दुपारी गोष्ट सांगता सांगता बसल्या जागी तिचा डोळा लागला आणि एक पोरगी फाटकाबाहेर रस्त्यावर गेली. पोरगी सुखरूप सापडली, पण कमलनं आपण होऊन काम सोडलं. ते काम तिला फार आवडायचं.

डॉक्टरकडे जाऊ म्हटलं की महादेव उखडायचा. "मला काही झालेलं नाही. नाकात नळ्या घालून झोपू होय?"

आठवड्यातून दोनदा त्याची शिवडीच्या गोदामावर रात्रपाळी असायची. त्या रात्री तरी कमलनं झोपावं ना. पण तिकडे याची डुलकी लागली आणि श्वास अडकला तर उठवणार कोण, या घोरानं तिचा डोळ्याला डोळा लागायचा नाही. सकाळी तो मात्र टवटवीत होऊन यायचा. तिला नवल वाटायचं. "खाडीची हवा," तो म्हणायचा.

यंदा तो निवृत्त झाला आणि एक दिवस स्वतःच म्हणाला, "चल, ते श्वासाचं मशीन घेऊन येऊ." कमलनं देवापुढे साखर ठेवली.

दीपिकानं तीन तऱ्हेचे मास्क मांडले होते. नाक-तोंड झाकणारा त्यानं लावूनही बघितला नाही. नुसतं नाक झाकणाराही बाजूला सारला आणि हा तिसरा उचलला. "मिशीवाल्यांना हाच बरा," दीपिका म्हणाली. तिनं नाकपुड्यांचं माप घेतलं, मीडियम उशा चढवल्या, पट्टा कुठून कसा जातो ते कमलला दाखवलं.

आता मशीन बारीक आवाजात चालू होतं. "छान बसलाय," दीपिका म्हणाली.

महादेवनं मिटल्या डोळ्यांनीच मान हलवली. "मीडियम नको. कुशीवर वळलं की डावीकडून हवा सुटते. स्मॉल द्या."

"तुम्ही अजून वळलात कुठे?" दीपिका हसली. "आधी वापरलाय वाटतं."

महादेवनं डोळे उघडले. तो उठून बसला. हात मानेमागे गेले, न बघता बोटांनी पट्टा सैल केला, मास्क एका हिसक्यात डोक्यावरून निघाला. हेच करायला कमलनं मघाशी चारदा प्रयत्न केला होता आणि तिला जमलं नव्हतं.

दीपिका स्मॉल आणायला बाहेर गेली.

"पहिलं मशीन कुठे आहे?" कमलनं विचारलं.

त्यानं मास्क कोचावर ठेवला. "पद्मजाकडे."

पद्मजा गोदामाच्या ऑफिसात होती. प्रभादेवीला एकटी राहायची. दर गणपतीत दर्शनाला यायची आणि कमलच्या हातचे मोदक खाऊन जायची.

"म्हणजे रात्रपाळी..."

"नव्हतीच गं. पुढे पुढे नव्हतीच." त्याचा आवाज खाली गेला. "तिनंच हट्टानं डॉक्टरकडे नेलं. तूच तिला सांगितलं होतंस ना, यांच्या श्वासाकडे लक्ष ठेव म्हणून."

सांगितलं होतं. प्रसादाची वाटी हातात देता देता, बहिणीला सांगावं तसं. आता रात्रपाळीचं निमित्त संपलं होतं, म्हणून घरात दुसरं मशीन हवं होतं. कमलला सगळं लख्ख दिसलं. रडू मात्र आलं नाही. पद्मजाबद्दल तिनं एक अक्षर विचारलं नाही. तिला वेगळंच विचारायचं होतं.

"तिकडे लावून झोपत होतात, मग घरी का नाही आणलंत?"

महादेव खरोखरच गोंधळला. हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. "घरी कशाला?" तो म्हणाला. "घरी तू जागी असायचीस."

दीपिका नवी पाकिटं घेऊन आत आली. "काकू, या. आता तुम्ही लावून बघा, म्हणजे घरी अडचण नको."

कमल उठली. तिनं पर्स खांद्याला अडकवली.

"त्यांना येतं," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

ती चालतच काळाचौकीला आली. भर दुपारी दाराला आतून कडी घातली तेव्हा समोरची बाई गॅलरीतून बघतच राहिली. कमल पलंगाच्या मधोमध आडवी झाली.

किती वेळानं कोण जाणे, दार वाजलं. "कमल, अगं उघड," महादेव हाका मारत होता. हाका तिला स्वच्छ ऐकू येत होत्या. तिनं कूस बदलली आणि झोपून गेली.