काळी कड

“मी आता नकाशाला हात लावणार नाही,” बायको म्हणाली. “यादी ठरलीय.”

तो तिच्या टेबलाशी उभाच होता. औषधांचं दुकान नोकरावर टाकून तो धावत आला होता. यादीतली घरं संध्याकाळपर्यंत रिकामी करायची होती, मग लगेच पाडायची. त्यातलं एक घर त्याच्या धाकट्या बहिणीचं होतं, आणि बहिणीला आठवा महिना लागला होता.

त्या भागात पूर्वी तळं होतं. ते राडारोडा टाकून बुजवलं आणि वर घरं उठली. गेल्या आठवड्यात त्यातलं एक घर आतल्या माणसांसकट खचलं, तेव्हा कुठे सगळ्यांना जाग आली. पण तळं नेमकं कुठून कुठवर होतं, हे कुणालाच छातीठोक सांगता येईना. मग विमानातून काढलेले जुने फोटो शोधले, स्कॅन केले आणि आजच्या नकाशावर बसवायला बायकोच्या कार्यालयाकडे पाठवले. साहेबांनी ते काम डोळे झाकून तिला दिलं, आणि तिच्या नकाशावरूनच यादी निघाली. या कामात तिचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं.

“अगं, तिच्या घराला केसाएवढी चीर नाही,” तो म्हणाला. “खचणारं घर असं असतं का?”

“घर विचारून खचत नाही.” तिने पडद्यावरची नजर हलवली नाही. “सुताराला सांगितलंस का? न्हाणीघराचं दार आजही लागलं नाही.”

“इथे बहिणीच्या डोक्यावरचं छप्पर चाललंय आणि तुला दाराचं पडलंय!”

त्याला राग आला आणि रागाबरोबर जुनी गोष्टही वर आली. आईच्या आजारपणात कुणी किती खस्ता खाल्ल्या, यावरून नणंद-भावजयीत एकदा वाजलं होतं, ते अजून निवलं नव्हतं. बोलणं फक्त फोनवर आणि तेही कामापुरतं.

“तिचा राग तू असा काढू नकोस,” तो हळू आवाजात म्हणाला.

“मी नात्यासाठी नकाशा बदलला असं उद्या कुणी म्हणालं तर? सगळी यादीच खोटी ठरेल.”

बायको तत्त्वाची आहे हे तो चारचौघांत अभिमानाने सांगायचा. आज त्याच तत्त्वाने त्याचा गळा धरला होता.

फोन वाजला. धाकटीच होती. “दादा, ट्रक आलाय. सामान भरू का? वहिनी काय म्हणते?”

“थांब जरा,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

काहीतरी बघायचं म्हणून तो पडद्याकडे बघत राहिला. करडा फोटो, त्यात डाव्या कडेजवळ काळपट तळं. त्यावर लाल रेघांनी आजची घरं आणि आजचा रस्ता काढलेला; तळं त्या रस्त्याच्या उजवीकडे दिसत होतं. फोटोच्या डाव्या अंगाला बोटभर काळी पट्टी होती.

“ही पट्टी कसली?”

बायको म्हणाली, “कड आहे. स्कॅन करताना फोटोच्या बाहेरची जागाही आत येते. ती काळी दिसते.”

“ती तशीच ठेवतात?”

“नाही. कापून टाकतात. मग फोटो नकाशावर बसवतात.”

“तू कापली नाहीस?”

“घाईत राहिली.”

त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. “म्हणजे कॉम्प्युटरने ती पट्टीसुद्धा फोटोच समजली? मग त्या पट्टीने जागा खाल्ली, आणि बाकीचं सगळं...”

“उजवीकडे सरकलं.” तिने वाक्य पुरं केलं. “कडेजवळचं जास्त.”

“आणि तळं कडेजवळ आहे!” तो जवळजवळ ओरडला. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वर केली. “म्हणजे यादीच चुकलीय! नात्याचा प्रश्नच नाही. चूक आहे, ती सुधार.”

तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. साहेबांच्या खोलीत सह्या चालू होत्या.

“आईंच्या घरची माडी रिकामी आहे ना?”

“धाकटीला या दिवसांत तो जिना चढवणार आहेस?” तो कावला. “माडीचं काय घेऊन बसलीस? कड काप!”

“एकदा केलं की मी मागे घेणार नाही. तू म्हणालास तरी.”

“मी कशाला म्हणेन? वेड लागलंय का मला?”

तिने खुर्ची पुढे ओढली. काळी कड कापली, फोटोचे खरे कोपरे टिपले, एकेक करून नकाशाला जोडले आणि बटण दाबलं. पडद्यावर काम किती झालं ते दाखवणारी रेघ सरकायला लागली. अर्ध्यावर येऊन अडली. मग ती पुढे सरकली आणि फोटो नव्याने उमटला.

तळं सरकलं होतं. खचलेलं घर अजून पाण्यातच होतं, ते काठाला आलं होतं एवढंच. धाकटीचं घर मात्र सगळंच्या सगळं कोरड्या जमिनीवर होतं.

त्याने तिथेच फोन लावला. “सामान उतरव! वहिनीने वाचवलं तुला!” पलीकडून नुसता रडण्याचा आवाज आला. त्याचेही डोळे भरून आले. बायकोला उगाच बोललो याची त्याला मनापासून लाज वाटली.

तिने नवी यादी छापली आणि साहेबांकडे नेऊन दिली. साहेबांनी कारण विचारलं, मान हलवली आणि सही केली. शिपाई ती घेऊन बाहेरही पडला.

“इतकं सोपं होतं,” तो हसत म्हणाला. “मग सकाळपासून कशाला अडून बसली होतीस? चूक तुला आत्ता कळली का?”

“सकाळीच कळली होती,” ती म्हणाली आणि तिने पडदा त्याच्याकडे वळवला.

पाणी रस्ता ओलांडून डावीकडे आलं होतं. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी त्याने ओळखली, गिरणीमागची गल्ली ओळखली, आणि गल्लीच्या टोकाला, तळ्याच्या अगदी मधोमध, आज सकाळी ज्या दाराला कुलूप लावून तो दुकानात गेला होता ते घर होतं.