पाच वाजताची साखर

"दोनशे शहाऐंशी," सिस्टर म्हणाली.

काकूंनी मशीनकडे पाहिलंच नाही. त्यांनी पाहिलं गायनाच्या बाईंकडे.

बाई पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसल्या होत्या. साठी उलटली तरी डोक्यात एक पांढरा केस नाही. रंगवतात, काकूंना खात्री होती.

मास्तर बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, त्याला आज पाच दिवस झाले होते. ऑपरेशन झकास झालं होतं. घोडं अडलं होतं ते मास्तरांच्या जुन्या मधुमेहापाशी. "साखर आटोक्यात राहिली नाही तर जखम चिघळेल, पुन्हा उघडावी लागेल," डॉक्टरांनी सांगितलं होतं. सत्तरीच्या माणसाला दुसऱ्यांदा टेबलावर घेणं म्हणजे काय, हे ते बोलले नाहीत आणि काकूंनी विचारलं नाही.

सकाळी एकशे तीस. दुपारी एकशे पन्नास. आणि पाच वाजता रोज हे असं. बाई येऊन अर्धा तास झाला की.

"मास्तर, काही चोरून खाल्लंत का हो?" बाईंनी हसत विचारलं.

"ही बसलीय ना पहाऱ्याला! मुंगीसुद्धा आत येत नाही," मास्तर म्हणाले आणि दोघं हसले.

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षं हे दोघं एका शाळेत होते. मुलांची गाणी बसवताना मास्तर पेटी वाजवायचे, बाई गायच्या. घरी यायला अंधार व्हायचा. आताही तेच. बायकोपुढे दिवसभर "पाय ठणकतोय गं", आणि ही आली की माणूस गुणगुणायला लागतो!

"वहिनी, तुम्हीही घ्या ना एखादी फोड," बाई म्हणाल्या. त्या रोज संत्री आणत. मास्तरांना चालत नाहीत, तुमच्यासाठी म्हणून.

"तुम्ही पाहुण्या, तुम्ही खा," म्हणत काकू रोज संत्रं सोलून बशी बाईंपुढे ठेवायच्या. स्वतः तोंडाला लावायच्या नाहीत. बाई गेल्या की उरलेली वॉर्डातल्या मावशींना देऊन टाकायच्या.

मग पदराला हात पुसून मास्तरांचा पंजा हातात घ्यायच्या. मास्तरांची बोटं गार पडायची, टोचलं तरी रक्त धड यायचं नाही. ती चोळून गरम करायचं काम काकूंनी पहिल्या दिवसापासून आपल्याकडे घेतलं होतं. बाई समोर असल्या की जरा जास्तच वेळ चोळायच्या. दिसू दे की, कोण कोणाचं आहे ते. सिस्टर घाईत स्पिरिटचा बोळा फिरवायची आणि सुई टोचायची.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी इन्सुलिन आणखी वाढवलं.

"खाण्यात तर काही नाही. मग साखर चढते कशानं?" काकूंनी विचारलं.

"कशानंही चढते. दुखणं, जंतू, मनाची खळबळ."

काकूंना तेवढं पुरे होतं. मनाची खळबळ.

पहाटे मास्तर घामानं भिजलेले सापडले. डोळे उघडे, पण काकूंना ओळखेनात. कुठल्यातरी वर्गाची हजेरी घेत होते. साखर शेहेचाळीसवर उतरली होती. शिरेतून ग्लुकोज गेलं तेव्हा कुठे त्यांनी "तू रडतेस का?" असं विचारलं.

"आणखी अर्धा तास गेला असता तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले. "संध्याकाळी तीनशे आणि पहाटे ही गत. मला काही सुधरत नाही. आज पाचची साखर मोठ्या सिस्टर स्वतः बघतील."

काकूंना मात्र सगळं सुधरलं होतं. साडेचारला त्या जिन्यातच उभ्या राहिल्या.

"बाई, उद्यापासून नाही, आजपासूनच येऊ नका."

"काय झालं वहिनी? मास्तर बरे आहेत ना?"

"तुम्ही आलात की त्यांची साखर चढते. आज पहाटे जाता जाता वाचले. तीस वर्षं गप्प बसले मी. आता त्यांच्या जिवावर आलंय."

बाईंचा चेहरा उतरला. संत्र्यांची पिशवी कठड्यावर ठेवून, त्या एकेक पायरी उतरत खाली गेल्या. काकू वरून बघत राहिल्या. पाठीमागून केसांची मुळं पांढरी दिसत होती.

पिशवी उचलून काकू खोलीत परतल्या तेव्हा त्यांना पिसासारखं हलकं वाटत होतं.

"आज बाई आल्या नाहीत?" मास्तरांनी विचारलं.

"नाही येणार त्या. कामं असतील."

मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. फिरवू देत. काकू ऐटीत स्टुलावर बसल्या, पिशवीतलं मोठंसं संत्रं काढलं, सावकाश सोललं आणि अख्खं खाल्लं. गोड होतं. मग बोटं पदराला पुसून त्यांनी मास्तरांचा पंजा ओढून घेतला आणि मन लावून चोळला.

मोठ्या सिस्टर आल्या. बोळा, सुई, थेंब.

"तीनशे बारा."

"शक्यच नाही!" काकू ओरडल्या. "आज तर ती आलीच नाही!"

मोठ्या सिस्टरांनी मास्तरांचं बोट उचललं, नाकाशी नेलं. मग त्यांनी गरम पाण्याचं भांडं मागवलं, साबणानं मास्तरांचा हात स्वच्छ धुतला, कोरडा केला आणि दुसऱ्या बोटाला सुई टोचली.

"एकशे सव्वीस."

मोठ्या सिस्टरांनी तक्ता उघडला. पाचही दिवसांच्या पाच वाजताच्या आकड्यांवरून आणि त्यापुढे वाढत गेलेल्या इन्सुलिनवरून त्यांनी हळूहळू पेन फिरवलं आणि वर पाहिलं.

"यांची बोटं रोज कोण चोळतं?"