गाडीवरचा तंबू

कालाहारीच्या अभयारण्यात सिंहांची भीती नको म्हणून टर्शियसने गाडीच्या टपावर उघडणारा महागडा तंबू घेतला. "एवढ्या पैशांत दुसरी गाडी आली असती," असं बायको आनेली म्हणालीच. मेहुणा हाइन आपला जुना, ठिगळं लावलेला तंबू शेजारी जमिनीवर ठोकून खुशाल घोरायचा.

पहाटे तळाचं फाटक उघडलं की हाइन तंबू तिथेच टाकून सिंह बघायला गाडी काढायचा. टर्शियस मात्र गाद्या, शिडी, पट्टे आवरून तंबू मिटेपर्यंत ऊन चढायचं, आणि सिंह झाडीत जाऊन आडवे व्हायचे. दोन दिवसांनी आनेलीही भावाच्या गाडीत बसायला लागली. संध्याकाळी निखाऱ्यांवर मांस भाजताना दोघं भावंडं सिंहिणीच्या पिल्लांचं कौतुक करायची आणि टर्शियस चिमटा हलवत बसायचा.

परतीच्या सकाळी हाइन तंबूला हात लावून म्हणाला, "दाजी, खरं सांगा, मीही घेऊ का असला? सिंहांपासून खरंच वाचवतो?"

शेवटचा पट्टा आवळत टर्शियस म्हणाला, "वाचवतो म्हणजे काय, आठवडाभरात एकसुद्धा माझ्या नजरेला पडला नाही."