नुसते ओठ

"रोशनी, तू मागच्या रांगेत जा आणि नुसते ओठ हलव. तुझा आवाज बाकीच्यांत मिसळत नाही," देवस्थळी सर म्हणाले, आणि पेटीवरची माझी बोटं थांबली.

हे भातलावणीचं गाणं शाळेत आणलं होतं रोशनीनंच, तिच्या भिल्ल आजीकडून शिकून. सरांनी ते तिच्याकडून पुन्हापुन्हा म्हणवून घेतलं. मग शब्द 'शुद्ध' केले, चाल पेटीच्या सुरात बसवली आणि समूहगान स्पर्धेला 'आदिवासी लोकगीत' म्हणून पाठवलं. आता त्यात नकोशी होती ती एकटी रोशनी.

"सर, गाणं तिच्या घरचं आहे," मी म्हणाले.

"बाई, परीक्षक सूर बघतात, घर नाही. तुम्ही पेटी वाजवा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर चहाला गेले तेव्हा मी रोशनीसकट सगळ्या मुलींना पेटीभोवती गोळा केलं.

स्पर्धेत पहिलं कडवं सरांच्या मनासारखं झालं. दुसऱ्याला मी पेटीचा भाता मिटला. ठरल्याप्रमाणे बाकीच्या मुलींनी आवाज बंद केला आणि त्या नुसते ओठ हलवू लागल्या. मागच्या रांगेतून रोशनी एकटी गायली, शेताच्या बांधापलीकडे पोचेल अशा आवाजात, आजीच्याच शब्दांत.

सर नेहमी समोर उभे राहून मुलींना शब्द पुरवायचे. आज त्यांना ते शब्दच येत नव्हते. हात तेवढे हवेत फिरत होते, आणि ओठ नुसतेच हलत होते.