सेतुरामाचं गेट्टी मेळम

इकडं सरका जरा, कुंभकोणमच्या सेतुरामाची गंमत सांगतो. दुपारचं जेवण झालेलं, पाठ भिंतीला टेकलेली, डोळे मिटलेले, आणि कानाशी परदेशी भोंग्यांचा कालवा.

सोसणं भाग होतं. लेक श्रीरंजनी हटून बसलेली. श्रीहर्षानं आणलेली जाझची तबकडी एकदा शेवटपर्यंत ऐका, मग त्याला नाही म्हणा. श्रीहर्ष लग्नांतून सॅक्सोफोन वाजवायचा. आणि सेतुराम तर साऱ्या गल्लीसमोर बोलून बसला होता, फुंकून पोट भरणाऱ्याला माझी मुलगी नाही. आता बोललेलं गिळायचं कसं? गल्ली हसली असती.

तबकडी जुनी, अमेरिकेची. दोन ट्रम्पेट, एक सॅक्सोफोन, एक ट्रॉम्बोन. कुणापुढं कागद नाही. एकानं काही म्हणावं, दुसऱ्यानं ते उचलावं, तिसऱ्यानं मध्येच चिमटा काढावा.

"चौघं एकदम बोलतायत," सेतुराम डोळे न उघडताच गुरगुरला. "ऐकतंय कोण?"

"चौघंही, मामा," श्रीहर्ष म्हणाला. "ऐकलं नाही तर पुढचं सुचायचं कुठून?"

"हं."

त्यानंतर नुसतं घोरणं. तेही तालात. श्रीरंजनीचं तोंड उतरलं. ती न् श्रीहर्ष तबकडीवर वाकून बसले. शेजारी सेतुरामाची बायको मीनाक्षीबाई सुपात तांदूळ निवडत होती.

आणि चौघं वाजवणारे एकदम उसळले. आपल्याकडं मंगळसूत्र बांधताना नादस्वरम् न् तविल मिळून दणाणतात ना, गेट्टी मेळम, अगदी तसं. तो दणका कानी पडला की आपला हात आपसूक अक्षता फेकतो. सेतुरामाचाही हात हलला. सुपातले मूठभर तांदूळ उचलले न् फेकले. थेट दोघांच्या डोक्यावर.

सेतुरामानं डोळे चोळले. "अगो, झोपेत हात गेला वाटतं."

"गेला तर गेला," मीनाक्षीबाई म्हणाली. "पडलेल्या अक्षता कुणी परत वेचत नाही. हळद मी मागाहून लावते."

"सेरि, बरं तर," सेतुरामानं कपाळाला हात लावला. "नशिबापुढं कुणाचं चालतं?" गल्लीतही तो हेच सांगत फिरला. कुणी हसलं नाही.

लग्न तिरुवलंचुळीला आहे, पांढऱ्या विनायकासमोर. तुम्ही या, पोटभर जेवा. फक्त माझं एक ऐका. झोपलेल्या माणसाचा नेम दोन्ही डोक्यांवर इतका नेमका कसा बसला, ते सेतुरामाला विचारू नका.