भुंग्याची भीती

लिलाबाईने मिक्सरच्या बटणाला हात लावला, तोच तिचे सासरे पितांबर आबा बाजेवरून ताडकन उठले.

"थांब. मी भुंग्याले बाहेर लई जास, मंग सुरू कर."

खुंटीवरची साखळी काढून त्यांनी त्या काळ्या कुत्र्याला अंगणापलीकडच्या निंबाखाली नेलं. घरात मिक्सर सुरू झाला. भुंग्या शेपूट पायात घालून आबांना बिलगला आणि आबांनी त्याला घट्ट धरून ठेवलं. आवाज थांबल्यावर आणखी थोडी वाट बघूनच दोघं आत आले.

शिंदखेड्याजवळच्या त्या गावात मिक्सर असलेली घरं तेव्हा मोजकीच होती. लिलाबाईचा जळगावचा भाऊ गुलाब, त्याने भाऊबीजेला ओवाळणी म्हणून तो आणला होता. घरात माणसं भरपूर, त्यात कापूस वेचणीचे दिवस. रोज एवढं वाटण पाट्यावर वाटून लिलाबाईचा खांदा कामातून गेला होता. मिक्सर आला त्या दिवशी ती माहेरी निघाल्यासारखी हसत होती.

पण भुंग्या पहिल्याच आवाजाला जो पळाला, तो धान्याच्या कोठीमागे जाऊन बसला. त्या गडबडीत आबांच्या धोतरावर चहा सांडला. भुंग्याने धक्का दिला, असं आबांनी सगळ्यांना सांगितलं.

आबा म्हणजे ऐरागैरा माणूस नव्हे. तरुणपणी कुस्त्या मारलेल्या. शेतातून रानडुकरं एकट्याने हाकललेली. अजूनही कुणाच्या घरात साप निघाला की पहिली हाक त्यांनाच जायची. अशा माणसाचं काळीज कुत्र्यासाठी एवढं तुटतं, याचं गावाला भारी कौतुक होतं.

शेवटी आबांनी निकाल देऊन टाकला. मुक्या जनावराचे हाल बघवत नाहीत. संक्रांतीला गुलाब आला की मिक्सर त्याच्यासोबत परत जाईल.

खांद्याचं लिलाबाईने एक वेळ सोसलं असतं, पण भाऊबीजेची ओवाळणी भावाच्या हातात परत कोणत्या तोंडाने द्यायची? ती चुलीपुढे बसून रडली. सासू द्रौपदाबाई शेजारीच भाकरी थापत होत्या. त्यांचाही उभा जन्म पाट्यावर गेला होता. नवऱ्याला त्यांनी एवढंच विचारलं, की कुत्रा भ्यायचा थांबला तर? मग राहू दे मिक्सर, आबा म्हणाले. त्यांना ते होणार नाही याची खात्री होती.

दुसऱ्या दिवसापासून आबा शेतावर गेले की स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली. आधी मिक्सर नुसता समोर ठेवायचा आणि भुंग्याला शेव घालायची. मग बटण जरासं फिरवायचं, पुन्हा शेव. शेव आबांच्या आवडीची, बाजारातून खास त्यांच्यासाठी आणलेली. डबा इतक्या लवकर कसा खाली होतो, म्हणून आबा कुरकुरायचे. द्रौपदाबाई उंदरांना शिव्या द्यायच्या.

संक्रांतीला गुलाब आला. तिळगूळ झाला, चहा झाला. मिक्सर परत न्यायचा विषय आबांनीच काढला. गुलाबचा चेहरा उतरला. तेव्हा द्रौपदाबाई म्हणाल्या, की न्यायच्या आधी कुत्र्याला एकदा सगळ्यांसमोर बघून घेऊ. आबा काही बोलायच्या आत त्यांनी सुनेला खूण केली. लिलाबाई आत गेली. तिने बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.

भुंग्या ओट्यावरून उठला. कान टवकारून थेट स्वयंपाकघरात गेला आणि मिक्सरसमोर शेपूट हलवत बसला. घरघर चालूच होती. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

लिलाबाईला हसू आणि रडू एकदमच आलं. गुलाबने हसत मागे वळून आबांना हाक मारली.

बाज रिकामी होती. एक चप्पल दारात होती आणि दुसरी अंगणात. निंबाखाली आबा छातीवर हात ठेवून उभे होते. दुसऱ्या हातात साखळी होती आणि साखळीला कुत्रा नव्हता.

द्रौपदाबाईंनी दारातून एकवार तिकडे पाहिलं. मग सुनेच्या कानाशी जाऊन त्या हळूच म्हणाल्या,

"लिला, डबामा शेव उरनी शे ना? आते तुना सासराले दे."