बाईंच्या वाटची वाळू

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या एका गावसभेत शिक्षकांच्या पगारवाढीवरून चांगलीच जुंपली होती. शिक्षकांचे पगार गावच्या घरपट्टीतून निघायचे; ती वाढेल म्हणून गॅरेजवाला लोवेल विरोधात बोलायला उठला. प्रत्येकाला तीन मिनिटं, वाळूच्या घड्याळावर मोजून. पण लहानपणचा तोतरेपणा ऐन वेळी उफाळला. “घ-घ-घरपट्टी...” एवढ्यावरच वाळू संपली. “झालं, बस खाली,” अध्यक्ष म्हणाले. मागे कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात हॅस्केलबाई उठल्या. शिक्षकांतर्फे त्याच बोलणार होत्या. त्यांनी घड्याळ उलटं केलं. “माझी तीन मिनिटं ह्याला. सावकाश बोल रे लोवेल, कुठली गाडी पकडायचीय तुला?” तिसरीत त्याला शिकवतानाही त्या हेच म्हणायच्या. मग तो घडाघडा बोलला, बाईंच्याच पगारवाढीविरुद्ध. बाईंनी कौतुकाने मान डोलावली. घड्याळात अजून निम्मी वाळू होती. बसता बसता तो थांबला. “उरलेली वाळू बाईंची,” तो म्हणाला. “तेव्हा पगारवाढ का द्यायलाच हवी, तेही आता मीच सांगतो.”